मुंबय? कोण दुयेंत आसा?

गोव्यात राहणाऱ्या माणसाने "दोन दिवस बायकोला घेऊन कुठे तरी जाऊन येतो" असं म्हटलं, की ऐकणारा आधी हसतो. अख्खा देश जोडीजोडीने गोव्याला येतो आणि हा निघालाय गोव्याबाहेर! मडगावच्या स्टेशनवर सकाळी उभे राहा. नव्या कोऱ्या चुड्यातल्या मुली, गवती टोप्या घातलेले त्यांचे नवरे, दोघांच्या मिळून चार बॅगा. १९८१ साली 'एक दूजे के लिए' येऊन गेला तेव्हापासून दोनापावलच्या त्या खडकावर जोडप्यांचे फोटो काढून किती कॅमेरेवाल्यांचे संसार उभे राहिले, त्याची गणती नाही. फक्त गोवेकर जोडप्याला तिथे उभं राहायची सोय नाही.

सोय नाही म्हणजे कायद्याने बंदी आहे असं नव्हे. पण मी तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं आहे. मिरामारच्या वाळूत बसलो, तर शेंगदाणेवाल्याच्या आधी माजी विद्यार्थी येतो. "सर, तुमी हांगा?" मग त्याची बायको, त्याची मुलं, कोणत्या वर्गात कोण, कुणाला किती टक्के. कळंगुटला जावं, तर शॅकचा मालक आमच्या गावच्या जावयाचा चुलत भाऊ निघतो. तो पैसे घेत नाही, आणि पैसे घेत नाही म्हणून समोर बसून गप्पा मारतो. गोव्यात समुद्र भरपूर आहे, एकांत नाही. निदान आमच्यासाठी नाही.

म्हणून मुंबई. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. हे मी शेजारच्या काकींना सांगितलं, तर त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं आणि त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "मुंबय? कोण दुयेंत आसा?"

दुयेंत म्हणजे आजारी. काकींचं काही चुकलं नाही. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेल्या त्या कामासाठी. नोकरीला गेल्या, बोटीवर खलाशी व्हायला गेल्या, गाणं शिकायला आणि गायला गेल्या. केसरबाई केरकर गेल्या, मोगूबाई कुर्डीकर गेल्या. पणजीच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. 'कोकण शक्ती' आणि 'कोकण सेवक' ही बोटींची नावं आमच्याकडे घरातल्या माणसांसारखी घेतली जात. रेल्वे तर फार उशिरा आली, संपूर्ण मार्ग सुरू व्हायला १९९८ उजाडलं. लग्नाचा शालू आणायला मुंबई, सोनं घ्यायला मुंबई, आणि बांबोळीच्या डॉक्टरांनी कागद लिहून दिला की मुंबई. नवरा-बायकोने नुसतं सोबत असायला मुंबईला जावं, हे आमच्या शब्दकोशातच नाही.

आमची स्वतःची गोष्टही वेगळी नव्हती. आम्ही दोघं मुंबईत एकत्र राहिलो ते एकदाच, २००९ साली, सतरा दिवस, परळला. बाबांना इस्पितळात ठेवलं होतं. मी रात्री वॉर्डाबाहेर बाकावर, ही एका ओळखीच्यांच्या खोलीत आणखी चार बायकांबरोबर. सकाळी सात वाजता ती डबा घेऊन यायची, मी तिच्या हातातला डबा घेऊन माझ्या हातातली औषधांची चिठ्ठी तिला द्यायचो. सतरा दिवसांतलं आमचं बोलणं म्हणजे एवढंच. बाबा घरी आले, तीन महिन्यांनी गेले. त्यानंतर मुंबईचं नाव निघालं की ही उठून आत जायची. म्हणूनच मी "मुंबईला जाऊ" म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "तुमकां पिशें लागलां काय?" आणि थोड्या वेळाने, भांडी पुसता पुसता, "परळ नाका."

म्हणजे बाकीची मुंबई चालेल. मी तेवढ्यावर कामाला लागलो.

हल्ली जोडप्यांसाठी वीकेंडचं नियोजन कसं करावं, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी वाचलं थोडंफार. मेणबत्तीच्या उजेडात जेवण, गच्चीवरची कॉकटेल, स्पा, बोटीतून सूर्यास्त, आणि हॉटेलात पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. एका हॉटेलात फोन केला, तर पोरीने गोड आवाजात विचारलं, "सर, हनिमून की अॅनिव्हर्सरी?" मी म्हटलं, यातलं काही नाही. ती गप्पच झाली. तिच्या यादीत तिसरा रकाना नव्हता. पाकळ्यांचं मला वावडं नाही, आमच्याकडे अबोलीच्या आणि शेवंतीच्या राशी पडतात. पण दुसऱ्याने आखून दिलेलं प्रेम तासाच्या हिशेबाने करायचं, सात ते आठ सूर्यास्त, आठ ते दहा मेणबत्ती, हे म्हणजे शाळेचं वेळापत्रक झालं. ते मी तीस वर्षं पाळलं आहे.

आणि खरं नियोजन कुठे असतं ते या लिहिणाऱ्यांना ठाऊक नसावं. ते घरी असतं. आमच्या घरी आई आहेत, वय शहाऐंशी. चालतात-फिरतात, जेवतात, पण काळ-वेळ सुटली आहे. नऊ वर्षं ही त्यांच्याबरोबर आहे आणि त्या नऊ वर्षांत तिने एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही. माहेरच्या लग्नालाही संध्याकाळी जाऊन रात्री परत. नोकरी करणाऱ्याला रजा मिळते, सुनेला मिळत नाही. आमचा मुलगा पुण्याला. कामाला येणारी बाई चार वाजता जाते. तेव्हा मुंबईत कुठे जेवायचं हा प्रश्न शेवटचा. आईंजवळ कोण झोपेल, हा पहिला.

बहिणीला फोन केला. ती बेळगावला दिलेली, शहापुरात राहते, आम्ही तिला अक्का म्हणतो. तिची मराठी आता पुरती बेळगावी झाली आहे. मी घाबरत घाबरत विषय काढला, तर तिकडून, "जावा की रे दोघं! एवढं विचारतंय काय? मी हाय न्हवं?" शुक्रवारी दुपारी ती चोर्ल्याच्या घाटातून बसने आली सुद्धा, दोन किलो कुंदा घेऊन.

हिने तिच्यासाठी चार पानं लिहून ठेवली होती. फुलस्केप, दोन्ही बाजूंनी. सकाळची गोळी पेजेबरोबर, पेज कोमट, गोळी दिसली तर थुंकतात म्हणून केळ्यात घालून. आंघोळीला गरम पाणी आधी पायांवर. दुपारी माहेरच्या माणसांची नावं घेऊन विचारतात. ती सगळी वारली आहेत, पण "येतले" म्हणायचं. मी ती पानं वाचली. इतकी वर्षं मी त्याच घरात राहतो, आणि त्यातली निम्मी कामं होतात कशी हे मला त्या कागदावर कळलं. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं: रात्री दोनच्या सुमारास उठतात आणि विचारतात, "गोरवां बांदलीं गो?" बांदलीं म्हणून सांगायचं. मग झोपतात.

आमचा गोठा मोडून वीस वर्षं झाली.

आता तिकिटाचं. कोकणकन्या संध्याकाळी मडगावहून निघते आणि पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचवते, म्हणजे शनिवार पूर्ण मिळतो. परतीची रविवारी रात्री अकराच्या पुढे सुटते, म्हणजे रविवारही मिळतो. वंदे भारत २०२३ च्या जूनपासून धावते, ती झकास आहे, पण दिवस खाते. मी हौसेने पहिल्या वर्गाचं काढलं. त्यात दोन बाकांची छोटी खोली असते, तिला कूपे म्हणतात. जुन्या हिंदी सिनेमात नायक-नायिका असायची तीच. मात्र कूपे मिळणार की चार जणांची केबिन, हे गाडीचा चार्ट लागतो तेव्हा रेल्वे ठरवते. आम्हाला केबिन मिळाली. समोर मडगावचं एक वयस्क जोडपं. थिवी स्टेशन यायच्या आत त्या बाईंचं माहेर आणि हिच्या मावशीचं सासर एकाच वाड्यावर निघालं, आणि मग त्यांनी काळजीच्या सुरात विचारलं... तुम्ही ओळखलंच असेल काय विचारलं ते. हिने माझ्याकडे बघितलं आणि खिडकीकडे तोंड करून हसायला लागली. कणकवलीपर्यंत हसत होती.

सध्या तिकिटं साठ दिवस आधी उघडतात. २०२४ च्या नोव्हेंबरआधी एकशे वीस दिवस मिळायचे. तेव्हा बेत दोन महिने आधी करा, आणि १४ फेब्रुवारीच्या आसपासचा शनिवार-रविवार टाळा. हॉटेलांचे भाव बघून प्रेम आटतं. आम्ही त्यानंतरचा, महाशिवरात्रीच्या आधीचा घेतला, २२ आणि २३ फेब्रुवारी २०२५. पहाटे उतरणाऱ्याने आणखी एक करावं, हॉटेलवाल्याशी आधीच बोलून ठेवावं. खोली बहुतेक ठिकाणी दुपारी मिळते, आणि रात्रभर प्रवास केलेल्या बायकोला लॉबीतल्या सोफ्यावर सात तास बसवलं, तर पुढच्या समुद्राचा काही उपयोग होत नाही. आम्ही चर्चगेटच्या मागच्या गल्लीतलं जुनं, साधं हॉटेल घेतलं. थोडे पैसे जास्त भरून सकाळी सहालाच खोली उघडून दिली. समोरून समुद्र दिसत नव्हता, पण चालत चार मिनिटांवर होता. माझं मत विचाराल तर मुंबईत समुद्र दिसणाऱ्या खोलीला दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा समुद्राजवळ झोपावं आणि उठून त्याच्याकडे जावं.

नोंदवहीत सही करताना काउंटरवरच्या मुलाने आमच्या पांढऱ्या केसांकडे बघून आधारकार्डही धड वाचलं नाही. पण माझ्या शेजारी एक तरुण जोडपं होतं. मुलाच्या कार्डावर मुंबईचाच पत्ता. त्यांना "लोकल आयडी चालत नाही" म्हणून परत पाठवलं. दोघांनी वाद घातला नाही, सवय असल्यासारखे निघून गेले. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी हॉटेलात खोली घेऊ नये, असा कायदा या देशात नाही. तरीही २०१५ च्या ऑगस्टमध्ये मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी धाडी घालून जोडप्यांना ठाण्यावर नेलं, त्यावर गदारोळ झाला. मुंबईत जागेचा प्रश्न हा नुसता घराचा नाही, दाराला आतून कडी असण्याचा आहे. राजा ठाकुरांचा 'मुंबईचा जावई' १९७० साली आला तो यावरच, चाळीतल्या भरल्या घरात नवं जोडपं बोलणार कुठे. दोन वर्षांनी त्याचाच हिंदीत 'पिया का घर' झाला. लोक हसले, कारण प्रत्येकाच्या घरी तेच होतं. आमचं घर चाळ नव्हे, अंगण आहे, माडी आहे. पण लग्नानंतर पाच-सहा वर्षं आम्हीही परसातल्या विहिरीवरच बोलायचो.

शनिवारी सकाळी घारापुरीला गेलो. हिची इच्छा. गेटवेवरून लाँच सुटतात, तासाभराचा प्रवास. सोमवारी लेणी बंद असतात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद, हे लक्षात ठेवावं. दोनच महिन्यांपूर्वी, १८ डिसेंबर २०२४ ला, याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवासी लाँचवर आदळून माणसं गेली होती, त्यामुळे आता सगळ्यांना लाईफ जॅकेट घालायला लावत होते. नारिंगी जॅकेटात आम्ही दोघं गॅस सिलिंडरसारखे दिसत होतो. हिने फोनवर फोटो काढला आणि मुलाला पाठवला. अठ्ठावीस वर्षांत आमच्या दोघांचाच, मध्ये कुणी नसलेला, असा हा बहुधा चौथा-पाचवा फोटो.

बेटाला एलिफंटा हे नाव पोर्तुगिजांनी दिलं, धक्क्याजवळचा दगडी हत्ती बघून. तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. १५३४ च्या वसईच्या तहाने ही बेटं त्यांच्याकडे आली. मूर्तींचे हातपाय मोडलेले दिसतात, त्यातलं बरंचसं त्यांच्या सैनिकांच्या नावावर सांगतात. गोवेकराला ते ऐकून काय वाटतं, ते वेगळं लिहायला नको. शंभरावर पायऱ्या चढून वर गेलो.

सहाव्या शतकातली ही लेणी बघायला सगळे थेट समोरच्या त्रिमुखी सदाशिवाकडे जातात. तिथे गर्दी असते. जोडीने जाणाऱ्याने मात्र जरा फिरावं. एका बाजूला शिव-पार्वतीचं लग्न आहे. पार्वती मान खाली घालून उभी, अजून त्याच्या उजव्या हाताला, कारण डावीकडे यायला लग्न पूर्ण व्हावं लागतं. दुसरीकडे पूर्वेच्या दाराजवळ दोघं कैलासावर सारीपाट खेळत बसली आहेत आणि तिथे भांडण झालंय, पार्वती तोंड फिरवून बसलेली, असं जाणकार सांगतात. शिल्प इतकं झिजलं आहे की आपण आपल्या अनुभवाने ओळखायचं. आणि सदाशिवाच्या शेजारी अर्धनारीश्वर. उजवा अर्धा भाग त्याचा, नंदीवर रेललेला, डावा तिचा. सोळा-सतरा फूट उंच दगडात एकाच शरीराचे दोन डौल.

मी मास्तर असल्यामुळे सांगत सुटलो होतो. हिने सगळं ऐकून घेतलं आणि सारीपाटाच्या शिल्पासमोर परत जाऊन उभी राहिली. म्हणाली, "हांचे कडेन खेळपाक वेळ आसलो." यांच्याजवळ खेळायला वेळ होता. पुढे काही बोलली नाही. मीही नाही. बाहेर माकडाने कुणाची तरी कणसाची पिशवी पळवली, तो गोंधळ बघत आम्ही पायऱ्या उतरलो.

दुपारी झोपलो. हो, झोपलो! मुंबईला जाऊन दुपारी झोपायचं म्हणजे पैसे वाया, असं तुम्ही म्हणाल. पण हिने नऊ वर्षांत दुपारी दोन तास सलग, दार लावून, कुणी हाक मारेल याची वाट न बघता झोप घेतली नव्हती. मराठा मंदिरला 'दिलवाले दुल्हनिया'चा साडेअकराचा खेळ १९९५ पासून चालू आहे, तो बघायचा माझा फार बेत होता. राहिला. जहांगीरला जायचं होतं, तेही राहिलं. तिथलं समोवार २०१५ साली बंद झालं, नाही तर तिथे बसून चहा प्यायची माझी कॉलेजपासूनची इच्छा होती. एकूण माझ्या यादीतल्या नऊ गोष्टींपैकी चार झाल्या. बाकीची जागा तशीच रिकामी राहिली, आणि दोन दिवसांतलं सगळ्यात चांगलं जे काही झालं ते त्या रिकाम्या जागेत झालं.

म्हणजे असं. रात्री बरोबर दोन वाजता ही उठून बसली. अलार्म नाही, आवाज नाही. अंधारात तिने विचारलं, "अक्का उठल्या असतील ना?" फोन करायचा तर घर जागं होणार. पंधरा मिनिटं ती तशीच बसून राहिली, हातात फोन. मग मी म्हटलं, चल, खाली जाऊ. दोन वाजता? दोन वाजता. खालच्या पोऱ्याने डोळे चोळत कुलूप काढलं.

मरीन ड्राइव्ह त्या वेळी इतकं जागं असतं, हे मला माहीत नव्हतं. कठड्यावर दहा-दहा हातांच्या अंतराने जोडपी बसलेली. कुणी कॉल सेंटरच्या पाळीवरून सुटलेले, कुणी घरी एकच खोली असलेले. सायकलवर चहाचा थर्मास लावून एक जण फिरत होता. पोलिसांची गाडी सावकाश गेली, थांबली नाही. मागे आर्ट डेको इमारतींची रांग, जिला २०१८ मध्ये जागतिक वारशात जागा मिळाली, आणि पुढे काँक्रीटच्या त्या चौपायांवर पाणी आपटत होतं. लोक याला राणीचा हार वगैरे म्हणतात. जवळून ते साधे रस्त्याचे दिवे असतात.

आम्ही चहा घेतला आणि बसलो. आमच्याकडे कुणी बघितलं नाही. चारी बाजूंना माणसं होती आणि एकही ओळखीचा नव्हता. गोव्यात रिकाम्या किनाऱ्यावरही जे मिळालं नसतं ते हे. ही बोलायला लागली. आईंबद्दल नव्हे, मुलाबद्दल नव्हे. लग्नाआधी तिला पेटी शिकायची होती, शिकवणारे मास्तर म्हार्दोळला यायचे, दोन महिने गेली आणि मग साखरपुडा झाला. अठ्ठावीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. मग २००९ चं बोलली. बाबांनी तिला एके दिवशी, मी औषधं आणायला गेलो असताना, काय सांगितलं ते. ते इथे लिहिणार नाही. पावणेचार वाजले तेव्हा ती म्हणाली, "न्हिदल्या आसतल्यो आतां." झोपल्या असतील आता. मग आम्ही परत आलो.

सकाळी अक्काचा फोन. आई दोन वाजता उठल्या, गोरवांचं विचारलं. अक्काने सांगितलं बांदलीं, तर आईंनी निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "तूं कोण? सून खंय?" पण मग झोपल्या. हिने फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीशी उभी होती. तिला वाईट वाटलं की बरं, मी विचारलं नाही. विचारायचंही नसतं.

रविवारी सकाळी धोबीतलावला कयानीत ब्रून मस्का आणि चहा. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. तेच जेर महल, जिथे गोवेकर ख्रिस्ती गावकऱ्यांच्या कुडी आहेत: गावागावाच्या नावाने घेतलेल्या सामायिक खोल्या, बोटीवर जाणाऱ्या-येणाऱ्या खलाशांना टेकायला. आत एक देव्हारा आणि भिंतीलगत ट्रंका. कूड म्हणजे खोलीच, पण तिच्यात फक्त पुरुष राहायचे. त्यांच्या बायका गावात. किती गोवेकर संसार असे बारा-बारा महिने पत्रांवर चालले! हिचे एक शेजारी बोटीवर होते, त्यांची बायको तिला पत्र वाचायला बोलवायची, ते ती आठवून आठवून सांगत होती. पाव मात्र तिला आवडला नाही. आमच्या पोदेराचा उंडो सोडून तिला कुठलाच पाव आवडत नाही.

दुपारी दादरला शिवाजी मंदिरात नाटक. रविवारचा मेगाब्लॉक, म्हणून टॅक्सी केली, आणि टॅक्सी लालबाग-परळवरूनच गेली. मी गप्प. मुलीच्या लग्नाचं सांगणारा टॅक्सीवालाही कसा कोण जाणे त्याच वेळी गप्प झाला. ही काचेतून बघत होती. म्हणाली, "तो फार्मसीवालो अजून आसा." आणि पुढच्या सिग्नलला, "नाटक कितलें वाजतां सोपतलें?"

त्या दिवशी दुबईत भारत-पाकिस्तान सामना होता. मध्यंतरात निम्मं प्रेक्षागृह वडा सोडून फोनवर. बायका बायकांशी बोलत होत्या, कारण नवरे जाग्यावर असूनही नव्हते. रात्री टर्मिनसच्या दाराशी पोचलो तेव्हा नुकतं कोहलीचं शतक आणि सामना एकदमच झालेला, हमाल, टीसी, फेरीवाले सगळे नाचत होते. एकाने माझ्या हातातली बॅग घेऊन फेर धरला. बॅगेत हिने आईंसाठी घेतलेल्या मऊ चपला होत्या आणि अक्कासाठी साडी. परतीला मात्र कूपे मिळालं. दोघंही बसल्या बसल्या झोपलो, रत्नागिरी कधी गेली ते कळलं नाही.

पुढच्या वेळेला जाल तर धोबीतलाव, चर्चगेट, गिरगाव, दादर हे सगळं जमिनीखालच्या मेट्रोने जोडायला पाहा. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत धावते. आमच्या वेळी ती तिथवर आली नव्हती.

अक्का आणखी तीन दिवस राहिली. निघताना तिने हिची चार पानं परत दिली, त्यावर तिच्या अक्षरात दोन ओळी वाढवल्या होत्या: आईला रात्री पायाला तेल लावलं की दोनऐवजी तीनला उठते, आणि मुलगी म्हणून सांगितलं तर ओळखत नाही, पाहुणी म्हणून सांगितलं तर चहा घे म्हणते. मग बसमध्ये चढता चढता तिने आपली बाजू मांडली. तिलाही भावोजींबरोबर दोन दिवस हैदराबादला जायचं आहे. तिच्या सासूबाई ब्याण्णव वर्षांच्या, कानाने बहिऱ्या, आणि घरात मांजर आहे. मे महिन्यात आम्ही आईंना घेऊन शहापूरला गेलो. अक्काची पानं सहा होती. त्यातलं एक सबंध पान नळाला पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता येतं आणि कुठली घागर आधी भरायची, याचं होतं.